कर्जातून सुटण्याची फी कोणी भरायची? सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर, तथा अध्यक्ष, जिल्हा सल्लागार समिती
आणि
मा. अग्रणी जिल्हा व्यवस्थापक, सोलापूर

स. न. वि. वि.

मी अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिते. पगार, पीएफ, बोनस, उचल हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. उचल मागणाऱ्याला कारण विचारायची आमच्याकडे जुनी पद्धत आहे. पूर्वी कारणं ठरलेली असत: लग्न, दवाखाना, पोरांची शाळा, पावसाआधी घरावर पत्रे. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या कारणाची भर पडली आहे. "ताई, लोन सेटलमेंटवाल्याची फी भरायचीय." म्हणजे कर्जाचा हप्ता झेपत नाही, म्हणून त्या कर्जातून सोडवणाऱ्याला द्यायला आणखी एक कर्ज. अशा उचली वहीत लिहिताना माझा हात थांबतो, आणि म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. कर्जात अडकलेल्या माणसाला फुकट मिळणारी मदत कायद्याने आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी या जिल्ह्यात उपलब्ध आहे. पण ती कुठे आहे, कधी उघडते, काय करू शकते हे अशोक चौकातल्या, साखर पेठेतल्या, विडी घरकुलातल्या माणसाला ठाऊक नाही. पैसे घेऊन मदत करणारा मात्र त्याच्या दाराशी येतो. दोन्हींतून विचार करून एक निवडावं असा प्रसंग आमच्या लोकांवर कधी येतच नाही, कारण दोघांपैकी एकच त्यांना दिसतो. हे बदलणं तुमच्या हातात आहे.

आधी पैसे घेणाऱ्याचं काम कसं चालतं ते सांगते, कारण बँकांच्या बैठकीत हा विषय येत असेल असं मला वाटत नाही. खांबावर किंवा मोबाइलवर जाहिरात असते: हप्ते बंद करा, निम्म्यात कर्ज मिटवा, वसुलीवाल्यांचा त्रास थांबवा, सिबिल दुरुस्त करून घ्या. फोन केला की नोंदणीचे पैसे मागतात. मग दर महिन्याला काही रक्कम, आणि तडजोड झाल्यावर जेवढी सूट मिळेल तिच्यातला टक्का वेगळा. पहिला सल्ला बहुतेक वेळा एकच असतो, सगळे हप्ते थांबवा आणि बँकेचे फोन उचलू नका.

या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगायला हवं. नव्वद दिवस थकल्याशिवाय खातं अनुत्पादक (एनपीए) ठरत नाही, आणि तोवर बँक सहसा रकमेत सूट देण्याची भाषा काढत नाही. नियमित भरणाऱ्याशी तडजोड कोण करील? पण थकण्याच्या आधीही माणूस शाखेत जाऊन हप्ता कमी करून मुदत वाढवून मागू शकतो. नोकरी गेली, मोठं दुखणं निघालं, कारखाना बंद पडला, तर लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. हे एजंट सांगत नाही, कारण यात त्याला काही मिळत नाही.

हप्ते थांबल्यावर काय होतं तेही तो सांगत नाही. कर्ज देताना घेतलेला धनादेश बँक किंवा फायनान्स कंपनी वटवायला टाकते, तो परत जातो आणि वकिलाची नोटीस येते. धनादेशांच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स) कायद्याच्या कलम १३८ खाली ती नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले नाहीत तर फौजदारी खटला दाखल होऊ शकतो. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तरी २००७ च्या पेमेंट कायद्यात तसाच बडगा आहे. तारखेला कोर्टात उभा राहतो तो कर्जदार. फी घेणारा तिथे नसतो.

आकडा मांडून दाखवते, मला त्याचीच सवय. समजा दोन लाखांची थकबाकी आहे. नोंदणीचे ५,०००, मग दहा महिने दरमहा २,०००, म्हणजे २५,००० झाले. शेवटी १,१०,००० वर तडजोड झाली, तर ९०,००० 'वाचले' म्हणून त्यावर पंधरा टक्के, १३,५००. एकूण फी ३८,५००. ही फी भरली त्या दहा महिन्यांत वर्षाला २४ टक्क्यांनी दोन लाखांवर आणखी चाळीस हजारांच्या आसपास व्याज चढलं, त्यावर दंड वेगळा. तडजोड कुठल्या आकड्यावरून सुरू झाली हे कोणी विचारत नाही. आणि जी तडजोड एजंटने करून दिली ती बँक कर्जदाराशी थेट करू शकते. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी तडजोडीबद्दल परिपत्रक काढलं. बँकांनी यासाठी संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण ठेवायचं आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मध्यस्थ लागतो असं त्यात कुठेही नाही. तडजोडीनंतर सिबिलच्या नोंदीत 'सेटल्ड' म्हणजे तडजोडीने मिटवलं असं लागतं, 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फेडलं असं नाही, आणि पुढचं कर्ज मिळताना ते आडवं येतं, हे तर फी घेण्याआधीच सांगायला हवं.

आमच्याकडे मागावर काम करणाऱ्या एकाची बायको घरी विड्या वळते. तिच्या नावावर वेगवेगळ्या कंपन्यांची गटाची लोन होती, शिवाय दागिने पतसंस्थेत. एका एजंटने तिला सगळ्या गटांचे हप्ते थांबवायला सांगितले. पण गटाचं कर्ज एकटीचं नसतं, एकमेकींच्या जामीनकीवर असतं. तिने थांबवलं की शेजारच्या बायकांवर आलं. त्यांनी आपापल्या हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीतून वर्गणी काढून तिचा हप्ता भरला, आणि मग गल्लीत भांडणं सुरू झाली. एजंटला दिलेले पैसे तर गेलेच. "पैशाचं काय, कमवता येतंय. पण नळावर कुणी बोलंना झालंय," असं ती म्हणाली. विडी वळणाऱ्या बाईला शेजारणी किती लागतात हे सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको.

तिला त्या वेळी कोणी हे सांगायला हवं होतं: एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तिला शेवटचं कर्ज देणाऱ्याने हे तपासलं होतं का, हा प्रश्न तिने कंपनीला लेखी विचारायला हवा होता. वसुली ठरलेल्या जागी करायची, आणि बाई लागोपाठ दोनदा तिथे आली नाही तरच घरी जायचं, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तगादा नाही, हेही त्याच नियमात आहे. इतर कर्जांच्या वसुलीसाठी ही वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सात आहे. एवढी माहिती द्यायला कोणाला फी लागू नये.

आणि ती द्यायला फी लागत नाही अशी जागा सरकारी कागदावर आहेच. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये आर्थिक साक्षरता आणि कर्ज समुपदेशन केंद्रांची योजना आणली. २०१२ मध्ये त्यांना आर्थिक साक्षरता केंद्र असं नाव देऊन, जिल्ह्यातल्या बँकांचं काम जुळवणाऱ्या अग्रणी जिल्हा व्यवस्थापकांच्या कार्यालयांशी जोडलं. तिथला सल्ला मोफत. केंद्राने आपल्या मूळ बँकेपासून अंतर राखून काम करावं, तिच्या योजना विकायचं दुकान होऊ नये, असंही त्या मूळ योजनेत म्हटलं आहे. शिवाय ग्रामीण शाखांनी दर महिन्याला एक शिबिर घ्यायचं आहे. मी अशा शिबिरांना गेले आहे. जनधन खातं, विमा, ओटीपी कोणाला सांगू नका, यूपीआय कसं वापरायचं, हे सगळं तिथे चांगलं सांगतात. पण 'माझी तीन कर्जं थकली आहेत, आता मी काय करू' असं विचारायला उठलेल्या माणसासाठी तिथे वेळ ठेवलेला नसतो. नाव बदलताना कर्ज समुपदेशन हे शब्द गेले, आणि त्यांच्याबरोबर कामाचा तो भागही मागे पडला असं मला वाटतं.

मोफत मदत एका छताखाली नाही, ही त्यातली खरी अडचण. बँकेविरुद्ध किंवा मोठ्या फायनान्स कंपनीविरुद्ध तक्रार असेल तर आधी त्यांनाच लेखी द्यायची, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे एक रुपयाही लागत नाही, वकीलही लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पण कर्ज पतसंस्थेचं असेल तर लोकपाल त्यात पडत नाही. पतसंस्था सहकार कायद्याखाली, तिचा कलम १०१ चा वसुली दाखला निघतो, आणि त्यासाठी सहकार खात्याच्या निबंधकांकडे जावं लागतं. खासगी सावकाराचं असेल तर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा लागतो. परवाना नसलेल्याने व्याजाने पैसे देणं हा त्याखाली गुन्हा आहे, आणि परवानाधारकालाही शेतकरी नसलेल्या माणसाकडून तारणावर वर्षाला १५ आणि विनातारण १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आमच्या पेठांमध्ये महिन्याला पाच आणि दहा टक्क्यांनी पैसे फिरतात, हे पोलिसांनाही माहीत आहे. सिबिलमध्ये चुकीची नोंद असेल तर वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तक्रार फुकट करता येते, आणि तीस दिवसांत निवारण झालं नाही तर पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई कर्जदाराला मिळायला हवी. खरी नोंद मात्र कोणीही पुसून देऊ शकत नाही, पाच हजार घेऊनही नाही.

आता सांगा, एकाच घरात बँक, फायनान्स, पतसंस्था आणि सावकार अशी चारही कर्जं असतात, तेव्हा त्या घरातल्या बाईने चार कचेऱ्यांची दारं कधी पुजायची? विडी वळणाऱ्या बाईचा दिवस हजारावर मोजला जातो. कचेरीत गेली तर तेवढ्या विड्या बुडाल्या. कारखान्यातला माणूस पाळी सोडून गेला तर खाडा. सगळ्या कचेऱ्या तो मागावर उभा असतो त्याच वेळेत उघड्या. शिवाय पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलतात, दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडच्या माणसांना कन्नड जवळची, कित्येक वस्त्यांत उर्दू. अर्ज मराठीत आणि बँकेचा करार इंग्रजीत. फी घेणारा संध्याकाळी सातनंतर घरी येतो, खाली बसतो, त्यांच्या भाषेत बोलतो, रात्री दहाला फोन उचलतो. मोफत मदतीला आमच्या माणसाचा वेळ लागतो, भाषा लागते, आणि 'पुढच्या आठवड्यात या' हे ऐकण्याची ताकद लागते. पैसे देऊन घेतलेली मदत वाईट असली तरी ती जवळ आहे. लोक तिच्याकडे अडाणी म्हणून जात नाहीत. साहेब, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण 'जनजागृती करू' असं म्हटलं की दोष ऐकणाऱ्यावर जातो.

पैसे घेऊन मदत करणारे सगळे लुबाडणारे असतात असं मी म्हणणार नाही. घर तारण आहे, तारण जप्त करण्याच्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस आली आहे, कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागायची आहे, तर चांगला वकील लागतो आणि त्याची फी देणं योग्यच आहे. लहान कारखानदाराची कर्जं गुंतागुंतीची असतील तर सनदी लेखापालाचा सल्ला पैसे देऊन घेण्यासारखा असतो. अशा माणसाकडे सनद असते, तो चुकला तर बार कौन्सिल आहे, लेखापालांची संस्था आहे, तो पावती देतो. कर्ज मिटवून देतो म्हणणाऱ्या कंपनीला मात्र रिझर्व्ह बँकेचा परवाना लागत नाही, त्यामुळे तिच्याविरुद्ध लोकपालाकडे जाताच येत नाही. ग्राहक आयोग उरतो. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही, हेही फारसं कोणाला माहीत नाही. ११ डिसेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने खुद्द इशारा दिला होता की काही लोक सेवाशुल्क घेऊन 'कर्जमाफी प्रमाणपत्रं' वाटताहेत, त्यांना तसा कसलाही अधिकार नाही. तो इशारा प्रसिद्धिपत्रक म्हणून संकेतस्थळावर आला. आमच्या कन्ना चौकापर्यंत तो पोचला नाही.

लोकअदालतीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे फसवणूक आणि मदत अगदी एकमेकींना लागून आहेत. राष्ट्रीय लोकअदालत जवळ आली की बँका थकीत खातेदारांना दावा दाखल होण्याआधीच्या नोटिसा पाठवतात. वर विधी सेवा प्राधिकरणाचं नाव आणि कोर्टाचा पत्ता असतो. घरात कोणी कोर्टाची पायरी चढलेली नसते. कागद आला की माणसं हादरतात, आणि एजंट नेमका त्याच आठवड्यात येतो: "तुमच्यावर केस झाली, मी मिटवतो." खरं तर ती केस नसते, बोलणीचं निमंत्रण असतं. गेलं तर चहा मिळत नाही इतकंच, पण कोणी सही करायला भाग पाडू शकत नाही. पटलं नाही तर परत यायचं. पटलं तर कोर्ट फी नाही. मात्र तिथे सही केलेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतका पक्का असतो आणि त्यावर अपील नसतं. म्हणून जेवढं झेपेल तेवढ्याच हप्त्यांवर सही करावी, नाहीतर मोडलेल्या तडजोडीपायी सरळ जप्ती येते. हे सही करण्याआधी शेजारी बसून समजावणारा कोणीतरी हवा. तो माणूसही कायद्याने मोफत मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईला, मग तिचं उत्पन्न काहीही असो, आणि औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातींना आणि अपंगांनाही आहे. फोन १५१००. म्हणजे आमच्या कारखान्यातलं जवळपास प्रत्येक घर या ना त्या कलमात बसतं. मी वहीतली नावं नजरेखालून घातली तेव्हा न बसणारं घर मला सापडलं नाही.

दुसरीकडे काय झालं ते बघितलं तर आपण काही जगावेगळं मागत नाही हे कळेल. ब्रिटनमध्ये स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन, सिटिझन्स ॲडव्हाइस अशा संस्था कर्जदाराला फुकट सल्ला देतात, बसून त्याचा जमाखर्च मांडतात, परतफेडीचा आराखडा करून देतात. फी घेणाऱ्या कंपन्याही तिथे आहेत. पण २०१४ पासून त्या वित्तीय आचार प्राधिकरणाच्या परवान्याखाली आल्या, आणि मोफत सल्ला उपलब्ध आहे हे त्यांनी गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगायचं असा नियम आहे. गिऱ्हाईक पुढे ढकलून दलाली खाणाऱ्या मध्यस्थांची ती दलाली २ ऑक्टोबर २०२३ पासून बंद केली. अमेरिकेत २०१० पासून फोनवरून कर्जमुक्ती विकणाऱ्यांना तडजोड होण्याआधी फी घेता येत नाही. मोफत सल्ल्याचा खर्च ब्रिटनमध्ये बऱ्याच अंशी कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणीतून भागतो, आणि हा विचार मला फार पटतो. कर्जावर ज्याने व्याज कमावलं, कर्ज बुडताना सावरण्याचा खर्चही त्याच्याच खिशातून जायला हवा. बुडणाऱ्याच्या उचलीतून नव्हे.

आपल्याकडे कायदा त्या दिशेने अर्ध्यावर थांबला आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत अगदी गरीब माणसासाठी नव्याने सुरुवात करण्याची सोय लिहिली आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, पात्र कर्ज ३५,००० पर्यंत, अशी तिची मर्यादा. ती साध्या माणसासाठी अजून लागूच केलेली नाही, आणि मर्यादा इतक्या आखूड की लागू झाली तरी आमच्या गल्लीत थोडेच बसतील. तोवर उरतो १९२० चा नादारीचा कायदा. हे दिल्लीचं काम आहे, तुमच्याकडे मागत नाही.

तुमच्याकडे जे मागते ते तुमच्या अधिकारातलं आहे. जिल्हा सल्लागार समितीचे अध्यक्ष तुम्ही आहात, बँका तुमच्यासमोर बसतात, सहकार खात्याचे उपनिबंधक तुमच्या जिल्ह्याचे आहेत, विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयात आहे. या सगळ्यांनी मिळून कर्ज समुपदेशनाचं एक टेबल मांडावं. शक्यतो पूर्व भागात, आणि कुंभारीकडे कामगारांच्या वसाहतीत, संध्याकाळी सहा ते नऊ आणि सुटीच्या दिवशी. तेलुगू आणि कन्नड येणारा माणूस बसवा. आमच्याच पेठांत निवृत्त बँक कर्मचारी, निवृत्त मास्तर, कामगार संघटनांत अर्ज लिहून देणाऱ्या बायका किती तरी आहेत, त्यांना शिकवून मानधन द्या. त्या टेबलावर माणसाची सगळी कर्जं एका कागदावर उतरवायची, घरात येतं किती आणि जातं किती ते मांडायचं, आणि मग कोणतं आधी फेडायचं, कुणाकडे मुदत मागायची, कुणाविरुद्ध तक्रार करायची हे ठरवायचं. एवढ्यावर थांबलं तर पुन्हा ते शिबिरच होईल. म्हणून समुपदेशकाच्या सहीचं पत्र मिळालं की बँकेने, फायनान्स कंपनीने, पतसंस्थेने ठरावीक दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, आणि महिन्यातून एकदा या सगळ्यांचे अधिकार असलेले प्रतिनिधी एका जागी बसायचे, असं समितीत ठरवा. उत्तर न देणाऱ्यांची यादी पुढच्या बैठकीत वाचा. बँकांना तुमच्यासमोर नाव वाचलं गेलेलं आवडत नाही, आणि या बाबतीत ते चांगलंच आहे.

समुपदेशकाने बँकेची वसुली करू नये, हेही स्पष्ट लिहा. मोफत सल्ला बँकेच्या पैशाने चालतो तेव्हा ही भीती खरी असते. आधीची थकबाकी झाकायला नवं कर्ज देऊन खातं नियमित दाखवणं म्हणजे समुपदेशन नव्हे. टेबलावर बसलेला माणूस कर्जदाराच्या बाजूचा आहे हे लोकांना पहिल्या भेटीत कळलं नाही, तर ते दुसऱ्यांदा येणार नाहीत, आणि गल्लीत तशीच बातमी पसरेल.

फलकही लावा, पण तहसील कचेरीच्या भिंतीवर नको. विड्या जमा करायला बायका रोज जिथे रांगेत उभ्या राहतात तिथे, एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या फाटकांवर, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा तिथे. मजकूर थोडा ठेवा: कर्ज फेडता येत नाही? इथे या, पैसे लागत नाहीत. पत्ता, वेळ, फोन. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दूत. खांबांवरच्या 'कर्जमुक्ती'च्या चिठ्ठ्या महापालिकेने विद्रूपीकरण कायद्याखाली काढाव्यात. आधी पैसे घेऊन, पावती न देता, हप्ते थांबवायला सांगणाऱ्यांविरुद्ध आलेल्या तक्रारी पोलिस ठाण्याने 'हा दिवाणी मामला' म्हणून परत पाठवू नयेत, याचं एक पत्र पोलिस आयुक्तांना द्यावं.

आमच्या कारखान्यापुरतं मी एक करू शकते. मालकांशी बोलून झालं आहे. जेवणाच्या शेडमध्ये टेबल, दोन खुर्च्या, पंखा आणि झेरॉक्सची सोय आम्ही देऊ. आठवड्यातून एक संध्याकाळ, पाळी सुटते त्या वेळेला. आजूबाजूच्या कारखान्यांतली माणसंही येतील, मी स्वतः त्यांच्या हिशेबनीसांना सांगून ठेवलं आहे. आलेल्यांचे कागद लावून द्यायला मी थांबेन. समितीची पुढची बैठक होईल तेव्हा हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या आणि आमच्याकडे कोणाला, कोणत्या तारखेपासून पाठवता ते कळवा.

आपली विश्वासू,
टॉवेल कारखान्यातील एक हिशेबनीस
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर